फोटूवाल्याचं रीळ

माझे वडील, आबा, पौडच्या घरी न्हाणीत घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यांचं एकट्यानं राहणं तिथंच संपलं. मी त्यांना भुकूमला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. घरातलं काय काय आणायचं ते विचारलं, तर म्हणाले, "माजी ट्रंक तेवडी आन. बाकीचं ऱ्हाऊ दे."

मी चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंकांची मला सवय आहे. पण आबांची ट्रंक उघडली तशी खोलीभर आंबट वास पसरला. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरचा येतो ना, तसाच. मला वाटलं, लोणच्याची बरणी फुटली असेल. वरचे दोन स्वेटर आणि त्यांचं नोकरीचं जुनं पुस्तक बाजूला केलं, तर तळाशी एक पसरट गोल डबा होता. पत्र्याचा, कडेनं गंजलेला, सुतळीनं बांधलेला.

तो पाहून मी तिथंच फरशीवर बसले. हा डबा आबांनी टाकून दिला असं मी बावन्न वर्षं धरून चालले होते.

आबा सरकारच्या प्रसिद्धी खात्यात ऑपरेटर होते. खात्याची एक निळी गाडी होती. तिच्यात प्रोजेक्टर, जनरेटर आणि घडी केलेला पडदा असायचा. ती गाडी घेऊन आबा मावळातल्या गावांतून फिरायचे आणि दिवेलागणीनंतर शाळेच्या मैदानात सरकारी माहितीपट दाखवायचे. भाताची सुधारित लागवड, देवीची लस, छोटं कुटुंब. लोक बसायचे, पण जांभया देत. मग आबांनी एक युक्ती काढली. खात्याच्या गोदामात एका बंद पडलेल्या शाळेचं सामान आलं होतं, त्यात एक अमेरिकन विनोदी सिनेमाचं रीळ होतं. मुका सिनेमा, पंधरा मिनिटांचा. कुठल्याही यादीत त्याची नोंद नव्हती. साहेब म्हणाले, टाकून दे. आबांनी ते टाकलं नाही. सरकारी काम संपलं की शेवटी ते रीळ लावायचे आणि मशीनजवळ उभं राहून स्वतः सिनेमा सांगायचे.

त्यात एक उंच, हडकुळा फोटोग्राफर होता. एका लग्नाच्या वऱ्हाडाचा एकत्र फोटो काढायचं काम त्याच्याकडे आलेलं. तो सगळ्यांना ओळीत उभं करतो, काळ्या कापडाखाली डोकं घालतो, आणि तेवढ्यात कुणीतरी ओळीतून निघून जातं. एक बाई उडालेल्या टोपीमागं पळते. एक म्हातारा खुर्ची शोधायला जातो. नवरा नवरीला शोधायला जातो आणि नवरी नवऱ्याला. फोटोग्राफर एकेकाला धरून आणतो, तोवर दुसरे दोघं गायब.

आबा सांगायचे, "ह्यो बगा फोटूवाला. इजार आकूड झालीया, कापड मामानं दिल्यालं. नवरी आपल्या मुठ्याची आन् नवरा पौडचा. आन् ह्यो मिशीवाला, ह्यो नवऱ्याचा बाप. का रुसलाय? बुंदी कमी पडली!"

मैदान हसायचं. मधे मधे इंग्रजी अक्षरांच्या पाट्या यायच्या. त्या बहुतेकांना वाचता यायच्या नाहीत, आबांनाही नाही. पाटी आली की आबा मनाला येईल ते सांगून टाकायचे. एकदा शाळेतले गुरुजी उठून म्हणाले, "अहो, तिथं असं लिहिलेलं नाही." आबा म्हणाले, "गुरुजी, तुमी वाचा. मी सांगतो." त्यानंतर गुरुजी कधी उठले नाहीत.

शेवटी सगळं वऱ्हाड चौकटीत मावावं म्हणून फोटोग्राफर कॅमेऱ्यासकट मागं मागं सरकत जातो आणि पाठमोराच तळ्यात पडतो. ते पाहून वऱ्हाड खदाखदा हसतं. पहिल्यांदाच सगळे एका जागी उभे असतात आणि फोटो काढायला कोणी नसतं. सिनेमा तिथं संपायचा.

तेव्हा आम्ही मुठा गावी राहायचो. आमच्या वस्तीतली माणसं पडद्याच्या मागच्या बाजूला बसत. कुणी सांगायला लागत नसे, पिढ्यानपिढ्यांची सवयच तशी होती. चित्र उलटं दिसायचं, पण मुक्या सिनेमात त्यानं काही बिघडत नव्हतं. आईला मात्र आबा पुढं, मशीनच्या शेजारी पोत्यावर बसवायचे. मी तिच्या मांडीवर. आई फार बोलायची नाही. दिवसभर लोकांच्या भातखाचरांत लावणीला किंवा तण बेणायला जायची, घरी येऊन चूल पेटवायची. तिच्याबद्दल मला फार थोडं आठवतं. तिच्या पायांना चिखलाचा वास असायचा हे आठवतं. आणि फोटूवाला तळ्यात पडला की पदर तोंडाशी जायचा आणि तिचं अंग हलायचं, ते मला मांडीवर कळायचं. तिचा चेहरा मी पाहत नव्हते. मी पडदा पाहत होते. नऊ वर्षांच्या पोरीला काय माहीत की कुणीकडं बघायला हवं होतं!

आई काविळीनं गेली. दहा दिवसांत. आबांनी मुठ्यातलं घर सोडलं आणि मला पौडला आत्याच्या हाती दिलं. नोकरी चालूच होती, गाडी गावोगाव जात होती, पण फोटूवाला पुन्हा कधी पडद्यावर आला नाही. मी एकदा विचारलं. आबा म्हणाले, "टाकला." मी परत विचारलं नाही.

तर तो डबा आता माझ्या मांडीवर होता. माझी मुलगी हिंजवडीला नोकरी करते. ती संध्याकाळी आली तेव्हा तिनं डब्यावरच्या पुसट लेबलाचा फोटो काढला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सिनेमाचं मूळ नाव शोधून काढलं. मग तिनं परदेशातल्या एका फिल्म संग्रहालयाला पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. तिनं ते आम्हाला मराठीत सांगितलं: हा सिनेमा हरवलेला आहे. जगात त्याची एकही प्रत शिल्लक नाही असंच सगळे समजतात. एक जाहिरात आणि दोन ओळींचा सारांश, एवढंच उरलं आहे. कृपा करून डबा उघडू नका, रीळ उलगडू नका, प्रोजेक्टरवर तर मुळीच लावू नका.

आबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "हरवलाय म्हंजे? हितं तर हाय."

"आजोबा, त्यांना माहीतच नव्हतं की तो इथं आहे," मुलगी म्हणाली. "पुण्यात एक बाई आहेत, जुन्या फिल्म वाचवण्याचं काम करतात. संग्रहालयानं त्यांचा पत्ता दिलाय. आपण डबा त्यांच्याकडे देऊ."

"न्हाई द्यायचा."

"अहो, पण तो सडतोय. वास येतोय ना? तो सडल्याचाच वास आहे."

"सडू दे. माजा हाय."

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी तिला खुणेनं बाहेर पाठवलं. आबा हट्टी आहेत, पण उगाच हट्ट करणारे नाहीत. मी त्यांच्या पायाला तेल लावायला घेतलं. ते छताकडे बघत म्हणाले, "त्याच्या शेपटाला तुजी आई हाय."

मला कळलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. एका वर्षी खात्यानं आपला एक कॅमेरावाला गाडीबरोबर पाठवला होता. गावकरी सरकारी चित्रपट किती आवडीनं बघतात, ते दिल्लीला दाखवायचं होतं. माहितीपट चालू असताना कुणाच्या तोंडावर काही दिसेना, तेव्हा आबांनीच सुचवलं की फोटूवाला लावतो, मग घ्या. मुठ्याच्या मैदानात त्यानं दिवा लावून हसणारी माणसं टिपली. नंतर पुण्यात त्यातला नको असलेला तुकडा फेकण्यात निघाला, तो आबांनी मागून घेतला. जेमतेम आठ-दहा सेकंदांचा. तो त्यांनी फोटूवाल्याच्या रिळाच्या शेवटी चिकटवला. गावोगाव सिनेमा संपला की दिवा लागायच्या आधी मशीन तेवढा वेळ चालू ठेवायचे. लोक उठून चपला शोधत असायचे, त्यामुळे कुणी बघायचं नाही. आबा बघायचे.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"ती गेल्यावर एकदा लावलं. शाळेच्या खोलीत, खिडक्या लावून. एकटाच व्हतो. बगवलं न्हाई. मग बांधून ठिवलं. म्हनलं, रीळ हाय तवर ती हाय. आज बगू, उद्या बगू. मग मशिनी गेल्या, नोकरी संपली." मग म्हणाले, "तुला दावायला पायजे व्हतं."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. माझ्याकडे आईचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात तिची मान इतकी खाली आहे की फक्त भांग दिसतो. इतकी वर्षं मी त्या भांगाकडे बघत आले. आणि पौडच्या घरात, मी ज्या पलंगावर झोपायचे त्याच्याच खाली, आई हसत होती. मी तेलाची वाटी उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

सकाळी आबांनीच मुलीला हाक मारली. "त्या बाईला बोलवा."

त्या बाई घरी आल्या. मध्यम वयाच्या, हातांत पांढरे हातमोजे. त्यांनी बाल्कनीचं दार उघडायला लावलं, सुतळी सोडली, झाकण हळूच फिरवून काढलं. आत चॉकलेटी रंगाची चकती होती. तिच्यावर पांढरी भुकटी धरली होती. त्यांनी बोटानं कड दाबून पाहिली आणि चेहरा गंभीर केला.

"खरं सांगू का? आतला बराच भाग एकमेकांना चिकटून दगड झालाय. तो सुटणार नाही. बाहेरचे काही वेढे सुटतील असं वाटतं." मग आबांना विचारलं, "आजोबा, शेवटी लावल्यावर हे उलटं गुंडाळलं होतं का?"

"न्हाई. तसंच काडून ठिवलं."

"म्हणजे सिनेमाचा शेवट बाहेरच्या बाजूला आहे. निदान ते एक बरं झालं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. शेवट बाहेर, म्हणजे आई बाहेर. बाई डबा घेऊन गेल्या तेव्हा ते लिफ्टच्या दारापर्यंत वॉकर घेऊन त्यांच्या मागं गेले. ऑपरेशन झाल्यापासून एवढं अंतर ते पहिल्यांदा चालले होते.

पाच महिने लागले. या काळात आबा रोज दुपारी विचारायचे, "फोन आला का?" मीही विचारायला लागले होते, स्वतःला. दवाखान्यात असताना मी कित्येक नातेवाइकांना सांगितलं होतं की फार आशा धरू नका. स्वतःला सांगायला गेले, तर जमलं नाही. मला झोपेत आईचा चेहरा दिसायला लागला, आणि दर वेळी तो निराळाच असायचा. कधी आत्याचा, कधी माझ्या मुलीचा, एकदा तर आमच्या सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा.

मग त्या बाई लॅपटॉप घेऊन आल्या. आबांना आम्ही खुर्चीत बसवलं, चष्मा पुसून दिला.

सुरुवातीला नुसते डाग. मग डागांतून ते वऱ्हाड वर आलं. टोप्या, मिशा, नवरीचा पांढरा झगा. फोटोग्राफर मागं सरकत होता. मधेच चित्र वितळल्यासारखं व्हायचं, परत जुळायचं. तो पडला. पाणी उडालं. वऱ्हाड हसत राहिलं. चाळीस सेकंद असतील. हरवलेल्या सिनेमाचे जगात उरलेले तेवढेच चाळीस सेकंद. माझी मुलगी टाळ्या वाजवत होती.

"आता पुढं तुमचा तुकडा आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो फार खराब झालाय. सगळ्यात बाहेर होता, गंजलेल्या पत्र्याला टेकून. त्यातली पाच-सहाच चित्रं निघाली, तीही डाव्या बाजूची. मी त्यातलं एक जरा साफ केलंय."

त्यांनी ते चित्र पडद्यावर मोठं केलं. एक तरुण बाई, कपाळावर मोठं कुंकू, तोंड उघडं, डोळे मिटलेले, हसून हसून पुढं झुकलेली. चित्राची उजवी बाजू सगळी पांढरी, खाऊन गेलेली. त्या पांढऱ्यातून एक हात आलेला, मनगटापर्यंत, बांगड्या भरलेला, त्या बाईच्या पाठीवर.

मी म्हणाले, "आई?"

आबांनी चष्मा काढला, परत घातला. पुढं वाकले. "न्हाई," ते म्हणाले. "ही ती न्हाई. ही तिच्या शेजारची. मुठ्याची, वरच्या आळीची. दोगी लावनीला संगं असायच्या." मग पांढऱ्या भागावर बोट ठेवून म्हणाले, "ती हितं व्हती."

बाईंना वाईट वाटलं, त्यांनी चहाही घेतला नाही. आबांनी तो लॅपटॉप बंद करू दिला नाही, अर्धा तास तसेच बसून राहिले.

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "ती वरच्या आळीची बाई हाय का आजून?"

मला काय माहीत? आम्ही मुठा सोडलं त्याला पन्नासवर वर्षं झाली. पण मुलीनं फोन फिरवले, आणि कळलं की आहे. ऐंशी ओलांडली आहे, नजर शाबूत आहे. आम्ही त्या चित्राच्या दोन मोठ्या प्रती काढल्या आणि रविवारी निघालो. पिरंगुटवरून उरवड्याच्या रस्त्याला लागलो. कारखान्यांची फाटकं आणि ट्रकांची रांग मागं पडली, खिंड आली, मग खोरं. भाताची खाचरं होती, पण त्यांच्या मधे मधे पुण्याच्या लोकांच्या बंगल्यांच्या भिंती. आबा खिडकीतून बघत होते आणि काही ओळखत नव्हते.

म्हातारी पडवीत खाटेवर बसली होती. मुलानं जमीन विकून पुढं दोन मजले चढवले होते, खोल्या भाड्यानं दिलेल्या. आबांना तिनं ओळखलं नाही. आबा म्हणाले, "मी मशीनवाला." तशी तिनं डोक्यावरून पदर सारखा केला आणि म्हणाली, "आगं बया! तुमी आजून हायसा?"

मी तिच्या हातात फोटो दिला. तिनं तो लांब धरला, जवळ आणला. "ही कुनाची पोर?" तिनं विचारलं.

"तुम्हीच आहात त्या," मी म्हणाले.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग सुनेला हाका मारायला लागली, नातसुनेला, भाडेकरूंच्या बायकांना. "या गं, बगा, म्या हाय ही! माजं दात बगा कसं हुतं!" तिच्या तरुणपणाचा एकही फोटो घरात नव्हता. सून रडायला लागली, तशी म्हातारीच तिला ओरडली.

मी पाठीवरच्या त्या हाताकडे बोट दाखवलं. "हा हात?"

"ह्यो? तुज्या आयचा. दुसऱ्या कुनाचा आसंल? हसाय लागली की मारायची. माजी पाठ दुकायची दुसऱ्या दिशी. सासू मला म्हनायची, तिच्याजवळ कशाला बसतीस, मागं बसाय काय झालं तिला. मी म्हनायची, तितं मशीनची ऊब लागती."

"हसायची कशी? आवाज कसा होता तिचा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान पोरीसारखा वाटला.

तिनं डोळे मिटले. आठवून बघत होती, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगणाऱ्यांतली ती नव्हती. "आवाज न्हाई यायचा गं तिला," शेवटी म्हणाली. "दम कोंडायचा. तोंड उघडं, आन् आवाज न्हाई. मी म्हनायची, श्वास घे, मरशील. मग मारायची मला."

आबा मान हलवत होते. "व्हय. व्हय. तसंच."

त्या दिवशी तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी. आबांचं ताट तिनं आपल्या शेजारी मांडायला लावलं.

सिनेमाचे चाळीस सेकंद संग्रहालयानं जपून ठेवले आहेत. परदेशातल्या लोकांनी आबांचं सांगणंही रेकॉर्ड करून मागितलं, कारण बाकीच्या सिनेमात काय होतं ते सांगणारा दुसरा माणूस त्यांच्या माहितीत नाही. मुलीनं ते केलं. नवऱ्याच्या बापाची बुंदी तिनं काढून टाकली नाही.

आबा आता सोसायटीच्या पोर्चमध्ये रोज सकाळी काठी घेऊन फेऱ्या मारतात. फिजिओथेरपिस्ट म्हणते, आजोबांनी मनावर घेतलंय. महिन्यातून एकदा मी त्यांना मुठ्याला नेते. दोघं पडवीत बसतात आणि बोलतात. कुठल्या खाचरात चिखल खोल होता, कुणाच्या लावणीला गूळ मिळायचा, कोण कुणाला काय बोललं. त्यांच्या बोलण्यात सारखी आई येते. भांडते, रुसते, एकदा तर मुकादमाच्या अंगावर चिखल फेकते. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सत्तावीस वर्षांची आहे, माझ्या मुलीपेक्षा लहान. मी पायरीवर बसून ऐकत राहते.